संकेतस्थळाचे नियमपत्रक : एका अर्धविरामाची जबाबदारी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांची बागायत मुख्यतः नीरा डाव्या कालव्याच्या आधाराने वाढली. भाटघर येथे अडविलेले पाणी नदीपात्राने वीरपर्यंत येते आणि तेथून डाव्या कालव्यात शिरून पुरंदर व बारामती तालुके ओलांडीत इंदापूर तालुक्यात पोहोचते. पाणी एकच, मागणारे अनेक आणि अंतर मोठे. अशा स्थितीत केवळ कालवा खोदून भागत नाही. कोणत्या चारीला केव्हा, किती वेळ व कोणत्या क्रमाने पाणी द्यावयाचे, याचे नियम लागतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुणे भागात कार्यकारी अभियंता असताना आखलेली ब्लॉक पद्धती, पुढे रूढ झालेली शेजपाळी आणि शेतकऱ्याने भरावयाचा पाणी मागणीचा नमुना क्रमांक ७ ही सर्व या नियमबद्धतेचीच रूपे होत.

आज याच दोन तालुक्यांत आणखी एक प्रवाह घरोघरी पोहोचला आहे. तो माहितीचा आहे. सातबारा उतारा, फेरफाराची नोंद, ठिबक संचाच्या अनुदानाचा अर्ज, दाखल्यासाठीची मागणी, परीक्षेचा निकाल या गोष्टी आता मोबाईलच्या पडद्यावर किंवा गावातील सेवा केंद्राच्या संगणकावर मिळतात. भिगवण, बावडा, निमगाव केतकी किंवा मोरगाव येथील नागरिकाला त्यासाठी प्रत्येक वेळी तालुक्याच्या गावी जाण्याचे कारण उरलेले नाही. परंतु अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर अर्जाऐवजी केवळ एक त्रोटक इंग्रजी वाक्य व ‘५००’ हा आकडा उमटला, तर त्या नागरिकाचे नुकसान खरे असते. असे का घडते, याची कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी एक कारण मात्र अगदी लहान असते व ते टाळता येण्यासारखेही असते. ते म्हणजे सर्व्हरच्या नियमपत्रकात राहून गेलेली लेखनाची चूक. या नियमपत्रकाचे स्वरूप, त्याच्या लेखनाचे नियम आणि ते पाळण्याची पद्धती यांचा परिचय या लेखात करून देण्यात आला आहे.

सर्व्हर आणि त्याचे नियमपत्रक

संकेतस्थळाची पाने ज्या संगणकावर साठविलेली असतात आणि कोणी मागणी करताच जो ती पाने पाठवितो, त्याला वेब सर्व्हर असे म्हणतात. हेच नाव त्या संगणकावर पाने वाटण्याचे काम करणाऱ्या कार्यप्रणालीलाही दिले जाते. जगातील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत चालविला. त्यानंतर १९९५ मध्ये ‘अपाचे’ ही आणि २००४ मध्ये रशियन अभियंता इगोर सिसोयेव्ह यांची ‘एंजिनएक्स’ ही कार्यप्रणाली सर्वांसाठी खुली झाली. आजही जगातील संकेतस्थळांचा फार मोठा भाग या दोहोंवर चालतो. दोन्हींचा वापर विनामूल्य करता येत असल्यामुळे लहान नगरपरिषद, महाविद्यालय किंवा सहकारी संस्था यांनाही त्या परवडतात.

या कार्यप्रणाली तयार करणाऱ्यांना आपला सर्व्हर कोणत्या गावी, कोणत्या संस्थेसाठी वापरला जाईल हे ठाऊक नसते. त्यामुळे संस्थेचे नाव काय, पाने कोठे ठेवली आहेत, कोणता भाग सर्वांना खुला आहे व कोणता केवळ कर्मचाऱ्यांसाठी आहे, किती मोठा कागद स्वीकारावयाचा, या सर्व गोष्टी ज्याच्या त्याने लिहून द्याव्या लागतात. हे लेखन ज्या फाईलमध्ये केले जाते, तिला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. तिचे काम पाहता तिला सर्व्हरचे नियमपत्रक म्हणणे सार्थ ठरेल.

कालव्याचा पाणीवाटपाचा कार्यक्रम आणि हे नियमपत्रक यांत साम्य आहे, तसाच एक महत्त्वाचा भेदही आहे. कार्यक्रमाच्या कागदावर गट क्रमांक पुसट उमटला असेल, तर पाटकरी शेतकऱ्याचे नाव पाहतो, शेजाऱ्याला विचारतो आणि योग्य दार उघडतो. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे तो ओळखू शकतो. सर्व्हरला ते ओळखता येत नाही. त्याला जे लिहिले आहे तेवढेच कळते आणि जसे लिहिले आहे तसेच कळते. म्हणूनच या लेखनाला काटेकोर व्याकरण आहे.

लेखनाचे मूळ नियम

एंजिनएक्सच्या नियमपत्रकाचा एक लहानसा नमुना पुढे दिला आहे. प्रत्यक्ष फाईल रोमन लिपीतच लिहावी लागते. येथे केवळ वाचकांच्या सोयीसाठी तिचे शब्द देवनागरीत उतरविले आहेत.

सर्व्हर {
    लिसन ८०;
    सर्व्हर_नेम संस्थेचे-नाव.उदाहरण;
    रूट /संकेतस्थळ/पाने;
    लोकेशन /अर्ज/ {
        क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज ५एम;
    }
}

यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक आज्ञा आहे. आज्ञेचा पहिला शब्द हे तिचे नाव आणि पुढील शब्द ही तिची मूल्ये होत. ‘लिसन’ या आज्ञेने सर्व्हरला ८० क्रमांकाच्या दारावर कान देऊन राहण्यास सांगितले आहे. साध्या जोडणीसाठी ८० आणि सुरक्षित जोडणीसाठी ४४३ हे दार जगभर ठरलेले आहे. ‘सर्व्हर_नेम’ने संस्थेचे नाव आणि ‘रूट’ने पानांची जागा सांगितली आहे. ‘लोकेशन’ हा अर्ज स्वीकारण्याच्या भागापुरता पोटविभाग असून त्या भागात जास्तीत जास्त किती मोठा मजकूर घ्यावयाचा, हे आतील ओळीत नमूद केले आहे.

या नमुन्यावरून व्याकरणाचे तीन मूळ नियम स्पष्ट होतात. पहिला नियम असा की, साधी आज्ञा अर्धविरामाने संपते. ओळ संपली म्हणून आज्ञा संपत नाही. अर्धविराम येईपर्यंत सर्व्हर पुढील शब्द त्याच आज्ञेचे समजून वाचत राहतो. दुसरा नियम असा की, अनेक आज्ञांचा विभाग महिरपी कंसात बांधला जातो. उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाच पाहिजे आणि आतला कंस बाहेरच्याच्या आधी बंद झाला पाहिजे. तिसरा नियम असा की, प्रत्येक आज्ञेची जागा ठरलेली आहे. सर्व्हरच्या विभागात लिहावयाची आज्ञा त्याच्या बाहेर लिहिली, तर ती अक्षरशः शुद्ध असूनही नाकारली जाते.

अपाचेचे व्याकरण थोडे निराळे आहे. तेथे अर्धविराम नसतो. एका ओळीत एकच आज्ञा असते आणि ओळ संपताच आज्ञाही संपते. आज्ञा लांब असून दुसऱ्या ओळीवर न्यावयाची असेल, तर पहिल्या ओळीच्या अगदी शेवटी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. त्या रेघेनंतर चुकून एखादी मोकळी जागा जरी राहिली, तरी ओळ पुढे जोडली जात नाही. विभागांसाठी तेथे टोकदार कंसातील नाव वापरतात आणि विभाग संपविताना तेच नाव तिरप्या रेघेसह पुन्हा लिहितात.

नियमपत्रक वाचणाऱ्या माणसासाठी टीप लिहावयाची असेल, तर दोन्हीकडे हॅशचे चिन्ह वापरले जाते. मात्र एंजिनएक्समध्ये अशी टीप आज्ञेच्या पुढे त्याच ओळीत लिहिता येते, तर अपाचेत तिला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. एका कार्यप्रणालीवर काम शिकलेला तरुण दुसरीकडे गेला की, नेमका अशा ठिकाणी अडखळतो.

चूक एका ओळीत, तक्रार दुसऱ्या ओळीत

वरील नमुन्यात ‘लिसन ८०’ या ओळीच्या अखेरचा अर्धविराम राहून गेला, असे समजू. सर्व्हर पुढच्या ओळीतील ‘सर्व्हर_नेम’ हा शब्द ‘लिसन’चेच एक मूल्य समजतो आणि असे मूल्य मान्य नाही, असा संदेश देतो. या संदेशात ओळ क्रमांक असतो तो तिसऱ्या ओळीचा. चूक मात्र दुसऱ्या ओळीत असते. नवशिका कर्मचारी तिसरी ओळ पुन्हा पुन्हा तपासतो, तिच्यात त्याला काहीच वावगे दिसत नाही आणि वेळ निघून जातो. म्हणून संदेशात जी ओळ दाखविली असेल, तिच्या वरची ओळही पाहावी, असा संकेत अनुभवी लोकांनी घालून दिला आहे.

अर्धविराम तिसऱ्या ओळीतून गळला, तर प्रकार अधिक फसवा ठरतो. ‘सर्व्हर_नेम’ या आज्ञेला एकाहून अधिक नावे दिलेली चालतात. त्यामुळे पुढील ओळीतील ‘रूट’ हा शब्द आणि त्यापुढील पानांची जागा ही दोन्ही संस्थेचीच आणखी नावे आहेत, असे सर्व्हर समजतो. नावात तिरपी रेघ संशयास्पद वाटते, एवढी सूचना तो देतो, पण व्याकरण ठीक असल्याचा निर्वाळाही देतो. संकेतस्थळ सुरू होते, मात्र पाने कोठे आहेत हे सर्व्हरला सांगितलेच गेलेले नसते. पान सापडत नसल्याचा ४०४ हा संदेश नागरिकाला दिसतो तो अशा वेळी. सर्व्हरने दिलेली साधी सूचनादेखील दुर्लक्षून चालत नाही, हा यातून घ्यावयाचा धडा होय.

कोणता नियम कोणाला लागू

नियम शुद्ध लिहिले, तरी एकाच मागणीला दोन नियम लागू पडत असतील तर कोणता पाळावयाचा, हा प्रश्न उरतो. सातबाऱ्याच्या व्यवहारात हा प्रश्न नवा नाही. संपूर्ण गटाचा उल्लेख आणि त्यातील पोटहिश्शाचा उल्लेख यांत पोटहिश्शाचा उल्लेख अधिक नेमका मानला जातो. एंजिनएक्सही साधारणपणे याच न्यायाने चालतो. केवळ तिरप्या रेघेचा ‘लोकेशन’ विभाग सर्व पानांना लागू पडतो. ‘अर्ज’ या शब्दाने सुरू होणारा विभाग त्याहून नेमका असल्यामुळे अर्जाच्या पानांसाठी तोच निवडला जातो. बरोबरीच्या चिन्हाने लिहिलेला, म्हणजे तंतोतंत जुळणारा विभाग सर्वांत आधी विचारात घेतला जातो.

यात एक अपवाद आहे. अक्षरांचा साचा देऊन लिहिलेले विभाग फाईलमध्ये ज्या क्रमाने आले असतील, त्या क्रमाने तपासले जातात आणि पहिला जुळणारा विभाग लागू होतो. साध्या विभागांचा क्रम बदलला तर काही बिघडत नाही. साच्याच्या विभागांचा क्रम बदलला तर अर्थ बदलतो. अपाचेत याच्या उलट, एकाच जागेला लागू पडणारे विभाग एकत्र केले जातात आणि नंतर विचारात घेतलेला विभाग आधीच्याला मागे सारतो. म्हणून एका कार्यप्रणालीचे नियमपत्रक दुसरीसाठी उतरवून घेताना केवळ शब्द बदलून चालत नाही. निर्णयाची पद्धतीही ध्यानात घ्यावी लागते.

एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांची संकेतस्थळे असू शकतात. मागणीत आलेले नाव कोणत्याच विभागाशी जुळले नाही, तर सर्व्हर ती मागणी परत पाठवीत नाही. वेगळी सूचना दिलेली नसेल तर तो फाईलमधील पहिल्या विभागाकडे ती सोपवितो. नावात एक अक्षर चुकले, की एका संस्थेच्या पत्त्यावर दुसऱ्याच संस्थेची पाने उघडतात, त्याचे कारण हेच आहे.

अपाचेत आणखी एक सोय आहे. प्रत्येक कप्प्यात त्या कप्प्यापुरते लहान नियमपत्रक ठेवता येते. सर्व्हर ते प्रत्येक मागणीच्या वेळी वाचतो, त्यामुळे बदल तत्काळ लागू होतो. सोय मोठी आहे, पण धोकाही तेवढाच आहे. मुख्य नियमपत्रकातील चूक सर्व्हर नव्याने सुरू करताना आढळते. या लहान पत्रकातील चूक मात्र थेट नागरिकाच्या पडद्यावर ‘५००’ या आकड्याच्या रूपाने प्रकट होते.

मराठी लेखकाने पाळावयाची पथ्ये

हे नियम बहुतांशी इंग्रजी ग्रंथांतून शिकविले जातात. त्यामुळे मराठीत टंकलेखन करणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांची चर्चा क्वचितच होते. बारामती किंवा इंदापूर येथील कार्यालयात एकाच संगणकावर मराठी पत्रे व सर्व्हरचे नियमपत्रक ही दोन्ही लिहिली जातात, तेथे पुढील पथ्ये विशेष उपयोगी पडतील.

(१) अंक रोमन लिपीतीलच असावेत. मराठी कळफलक चालू राहिल्याने दाराचा क्रमांक देवनागरी अंकांत उमटला, तर माणसाला तो ८० दिसतो. सर्व्हरला मात्र तो अंक वाटतच नाही.

(२) मराठीत मोठे अक्षर व लहान अक्षर असा भेद नाही. त्यामुळे रोमन लिपीतील हा भेद नजरेतून निसटतो. अपाचेच्या आज्ञांच्या नावांत तो चालतो. पण लिनक्स संगणकावरील फाईलींच्या नावांत चालत नाही. एकच नाव मोठ्या व लहान अक्षरांत लिहिले, तर त्या दोन निराळ्या फाईली ठरतात.

(३) देवनागरी लेखनात जोडाक्षरे हवी तशी दिसावीत म्हणून काही न दिसणारी चिन्हे वापरली जातात. ‘र’चे अर्धे रूप लिहिण्याच्या काही पद्धतींत असे चिन्ह येते. मजकूर एकीकडून दुसरीकडे उतरविताना ते आज्ञेच्या नावात शिरले, तर डोळ्यांना नाव शुद्ध दिसते आणि सर्व्हर मात्र अशी आज्ञा माहीत नसल्याचे सांगतो. पत्रे लिहिण्याच्या कार्यप्रणालीत सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात, त्यानेही हाच घोटाळा होतो. म्हणून नियमपत्रक नेहमी साध्या मजकुराच्या संपादकात लिहावे आणि ज्या ओळीवर संशय असेल ती पुसून हाताने पुन्हा लिहावी.

(४) पानांचा मजकूर कोणत्या संकेतात आहे, हे नियमपत्रकात नमूद करता येते. मराठी पानांसाठी युनिकोडचा ‘यूटीएफ-८’ हा संकेत योग्य होय. पश्चिम युरोपीय भाषांचा जुना संकेत तेथे राहिला, तर शुद्ध मराठी मजकुराच्या जागी अनाकलनीय अक्षरांची रांग उमटते. मजकूर खराब झालेला नसतो. त्याची ओळख चुकीची करून दिलेली असते.

(५) ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी पत्त्याची सोय झाली आहे. वाचकाला असा पत्ता देवनागरीत दिसत असला, तरी इंटरनेटच्या यंत्रणेत तो ‘प्युनीकोड’ नावाच्या रोमन रूपात फिरतो. नियमपत्रकात संस्थेचे नाव त्या रोमन रूपातच नोंदवावे लागते.

हॅशच्या चिन्हानंतरची टीप मात्र मराठीत लिहिण्यास कोणतीही हरकत नाही. बदल कोणत्या दिवशी व कशासाठी केला, एवढे दोन ओळींत लिहून ठेवले, तर पुढील कर्मचाऱ्याचे श्रम वाचतात.

शुद्ध, परंतु अपुरे

व्याकरणाची परीक्षा उत्तीर्ण झालेले नियमपत्रक नागरिकाच्या गरजेला उतरेलच असे नाही. याचे चांगले उदाहरण नमुन्यातील शेवटच्या आज्ञेत आहे. नागरिकाकडून किती मोठा मजकूर स्वीकारावयाचा, हे वेगळे लिहिले नाही, तर एंजिनएक्स १ मेगाबाइट ही मर्यादा धरून चालतो. आजच्या साध्या मोबाईलने काढलेले बँक पासबुकाचे छायाचित्रही अनेकदा यापेक्षा मोठे असते. असे छायाचित्र जोडून अर्ज पाठविला की, ‘४१३’ या आकड्याचा संदेश येतो व अर्ज पुढे जात नाही. अर्जदाराला वाटते, आपला कागदच चुकला. वास्तविक त्याचा कागद बरोबर असतो. नियमपत्रकात एक ओळ लिहावयाची राहिलेली असते.

ही ओळ लिहितानाही परिमाणाचे भान ठेवावे लागते. आकारमानाच्या आज्ञेत अंकापुढील ‘एम’ या अक्षराचा अर्थ मेगाबाइट होतो. वेळेच्या आज्ञेत तेच अक्षर लहान लिहिल्यास मिनिटे आणि मोठे लिहिल्यास महिने असा अर्थ होतो. अंक व अक्षर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली, तर ती दोन स्वतंत्र मूल्ये समजली जातात व आज्ञा फेटाळली जाते.

एका चिन्हाची किंमत

लेखनातील लहानशा चुकीचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, याची दोन उदाहरणे जगाच्या अनुभवात आहेत. दोन्ही चुका वेब सर्व्हरच्या नियमपत्रकातील नसून त्याच्याशी निकटचा संबंध असलेल्या फाईलींतील आहेत.

पहिले उदाहरण स्वीडनचे. त्या देशातील संकेतस्थळांची नावे ‘.एसई’ या अक्षरांनी संपतात आणि त्यांची सूची एका मध्यवर्ती फाईलमध्ये असते. या फाईलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागते. टिंब नसेल, तर नाव अपुरे समजून यंत्र त्याला देशाची अक्षरे पुन्हा जोडते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी देखभालीच्या कामात सूची तयार करणाऱ्या आज्ञावलीकडून हे अखेरचे टिंब गळले. परिणामी सुमारे ९ लाख नावांचा मार्ग बंद पडला. चूक साधारण तासाभरात दुरुस्त झाली. परंतु चुकीची सूची ठिकठिकाणच्या संगणकांनी स्मरणात ठेवली असल्यामुळे तिचे परिणाम त्यानंतरही जाणवत राहिले.

दुसरे उदाहरण गूगलचे आहे. धोकादायक संकेतस्थळांच्या यादीत ३१ जानेवारी २००९ रोजी चुकून केवळ एक तिरपी रेघ नोंदविली गेली. वर सांगितल्याप्रमाणे एकटी तिरपी रेघ म्हणजे सर्व काही. त्यामुळे जवळजवळ तासभर या शोधयंत्राने जगातील प्रत्येक संकेतस्थळ हानिकारक असल्याचा इशारा दिला. ही नोंद व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होती. तिचा व्याप मात्र कोणी तपासला नव्हता.

आधी तपासणी, मग अंमल

अशा चुका टाळण्याची साधने सर्व्हरसोबतच दिलेली असतात. एंजिनएक्स व अपाचे या दोन्हींत नियमपत्रक अंमलात न आणता केवळ वाचून पाहण्याची आज्ञा आहे. ती दिली असता चूक असल्यास ओळ क्रमांकासह कळते आणि नसल्यास व्याकरण ठीक असल्याचे उत्तर मिळते. यास काही क्षणांहून अधिक वेळ लागत नाही.

तपासणीनंतर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याऐवजी त्याला नवे नियमपत्रक वाचण्यास सांगावे. एंजिनएक्समध्ये अशा वेळी मुख्य प्रक्रिया प्रथम नवे पत्रक तपासते. ते सदोष आढळल्यास जुन्याच नियमांनी काम चालू ठेवते, त्यामुळे नागरिकाला खंड जाणवत नाही. याउलट सर्व्हर आधी पूर्ण बंद केला आणि नवे पत्रक सदोष निघाले, तर तो सुरूच होत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवे पत्रक नाकारले गेले तरी संकेतस्थळ जुन्या नियमांनी चालू राहते, म्हणून सदोष फाईल तशीच पडून राहण्याचा संभव असतो. पुढे एखाद्या पावसाळी रात्री वीज खंडित होऊन संगणक पुन्हा सुरू झाला, की तो तीच सदोष फाईल वाचतो व थांबतो. तोपर्यंत बदल कोणी व कशासाठी केला, हे सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. नाकारलेला बदल त्याच दिवशी दुरुस्त करावा किंवा मागे घ्यावा, हे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

लहान संस्थांनी पुढील क्रम पाळल्यास पुष्कळसे अनर्थ टळतील. बदलापूर्वी चालू नियमपत्रकाची दिनांकित प्रत ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. तपासणीची आज्ञा द्यावी व सूचनाही वाचाव्यात. बदल शक्यतो अर्जांच्या अंतिम मुदतीच्या दिवसांत करू नये. बदलानंतर कार्यालयातील संगणकावरून पाहण्यावर न थांबता बाहेरच्या साध्या मोबाईलवरून अर्जाचे पान उघडावे, छायाचित्र जोडावे आणि अर्ज पोहोचला की नाही ते पाहावे. दुसऱ्या एका सहकाऱ्याने पत्रक वाचून पाहिले, तर उत्तमच. कारण स्वतः लिहिलेल्या ओळीतील उणीव लिहिणाऱ्याला बहुधा दिसत नाही.

कौशल्याची नवी दिशा

मोठ्या शासकीय संकेतस्थळांचे सर्व्हर तालुक्याच्या ठिकाणी नसतात. ते मोठ्या डेटा केंद्रांत असतात आणि तज्ज्ञ त्यांची निगा राखतात. परंतु महाविद्यालये, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या व लहान उद्योग यांची संकेतस्थळे सांभाळण्याचे काम अनेकदा स्थानिक तरुणांवरच येते. बारामतीसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी व संगणकाच्या शिक्षणाची सोय झाल्याने हे काम करू शकणारी पिढी गावाजवळच तयार होत आहे. या कामासाठी महागड्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एक साधा संगणक, विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली आणि प्रत्येक चिन्हाकडे लक्ष देण्याची सवय एवढे भांडवल पुरेसे आहे. नियमपत्रकाचे व्याकरण काही दिवसांत शिकता येते. तपासणीची शिस्त मात्र अंगी बाणवावी लागते.

कालव्याच्या व्यवस्थेची परीक्षा मुखापाशी होत नाही. शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याच्या रानात पाणी पोहोचले का, यावर ती होते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. ज्याच्याकडे वेगवान जोडणी, मोठा संगणक व इंग्रजी संदेश समजण्याची क्षमता आहे, तो अडचणीतून मार्ग काढतो. ज्याने मजुरी बुडवून सेवा केंद्र गाठले आहे आणि ज्याच्या अर्जाची मुदत आज संपत आहे, त्याला ‘५००’ किंवा ‘४१३’ या आकड्यांचा अर्थ कोणी सांगत नाही. नियमपत्रक लिहिणाऱ्याने अर्धविराम देताना ध्यानात ठेवावा, तो हाच नागरिक होय.